बेरीज बरी आली, पण व्हरांड्यात पोरं वेगळंच बोलतात

प्रश्न: मी नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात फिजिओलॉजीला असिस्टंट प्रोफेसर आहे. आमच्या मेडिकल एज्युकेशन युनिटनं सेकंड इयरच्या मुलामुलींकडून 'ड्रीम'चा फॉर्म भरून घेतला. कॉलेजातलं शिकण्याचं वातावरण त्यांना कसं वाटतं, हे त्यात विचारलेलं असतं. बेरीज शंभर ते दीडशेच्या पट्ट्यात आली, म्हणजे 'वाईटापेक्षा चांगलं जास्त'. डीन सर म्हणाले, छान, रिपोर्टला लावा. पण हीच मुलं व्हरांड्यात आणि कँटीनमध्ये जे बोलतात ते ऐकलं की हा आकडा पटत नाही. कशावर विश्वास ठेवायचा, आणि पुढं काय करायचं?

उत्तर:

मॅडम, व्हरांड्याचं ऐका. आकड्यात कुणी गडबड केली असं मी म्हणत नाही. पण त्या पट्ट्यात बेरीज यायला पोरांनी फॉर्म वाचायचीही गरज नसते. कसं ते सांगतो, डीन सरांना दाखवायला उपयोगी पडेल.

ड्रीम १९९७ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात तयार झालं. ५० वाक्यं, प्रत्येकाला ० ('पूर्ण असहमत') ते ४ ('पूर्ण सहमत') गुण, एकूण २००. बेरीज ५० पर्यंत आली तर परिस्थिती फारच वाईट, १०० पर्यंत अडचणी भरपूर, १५० पर्यंत तुमचं ते 'वाईटापेक्षा चांगलं जास्त', आणि त्यापुढे उत्तम. या ५० पैकी नऊ वाक्यं उलटी आहेत. 'शिक्षक विद्यार्थ्यांची टर उडवतात', 'शिक्षक वर्गात चिडतात', 'शिकवण्यात पाठांतरावर फारच भर आहे', अशी. त्यांचे गुण उलटे मोजायचे असतात.

आता समजा एका पोराला वॉर्डातल्या पोस्टिंगला पळायचंय. त्यानं 'सहमत'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढली. ४१ वाक्यांचे तीन-तीन म्हणजे १२३, नऊ उलट्यांचा एकेक म्हणजे ९. झाले १३२. एक अक्षर न वाचता कॉलेज पास. शेजारच्या रकान्यात, 'पूर्ण सहमत'मध्ये रेघ ओढली असती तर १६४ झाले असते आणि तुमचं कॉलेज 'उत्तम' ठरलं असतं. म्हणून आधी एक्सेल शीट उघडा आणि दोन गोष्टी बघा. नऊ रकाने खरंच उलटे मोजलेत का? आमच्याकडे एका वर्षी ते राहून गेलं आणि चुकीच्या आकड्यानिशी रिपोर्ट वर पोचलासुद्धा. आणि असे सरळ रेघवाले फॉर्म किती आहेत? 'शिक्षकांना विषय चांगला येतो' आणि 'शिक्षक टर उडवतात' या दोन्हींना पूर्ण सहमत म्हणणारं पोर असू शकतं, नाही असं नाही. मीसुद्धा अशा एका गुरूंच्या हाताखाली शिकलो. पण पन्नासही ओळींत तेच उत्तर म्हणजे फॉर्म वाचलेला नाही, तो बाजूला काढा.

दुसरी गोष्ट, फॉर्म कुणी आणि कधी भरून घेतला? तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. लेक्चर संपताना दारं लावून घेतली, एचओडी समोर उभे, रोल नंबरप्रमाणे कागद वाटले आणि त्याच क्रमानं गोळा केले. वर 'नाव लिहू नका' असं छापलेलं. पोरं दुधखुळी नाहीत हो. इंटर्नल असेसमेंटचे मार्क ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यासमोर कोण लिहील की सर अपमान करतात? आणि नाव नसलं तरी लिंग, होस्टेल, जिल्हा आणि माध्यम हे चार रकाने भरले की संपलं. 'मुलगी, होस्टेल, गडचिरोली, मराठी माध्यम' अशी अख्ख्या बॅचमध्ये एखादीच असते. एका मुलीनं मला तोंडावर सांगितलं होतं, "सर, त्या फॉर्मवर नाव सोडून माझं सगळंच होतं." त्यानंतर आम्ही जिल्ह्याचा रकाना काढून टाकला, आणि कागद गोळा करायला खोका ठेवला तो लायब्ररीत, डिपार्टमेंटमध्ये नाही.

वेळेचंही तसंच आहे. प्रिलिमच्या आठवडाभर आधी विचारलंत तर सगळं जग वाईट असतं, आणि गॅदरिंगनंतर विचारलंत तर सगळं गोड. टर्मच्या मधोमध विचारा, आणि सहा महिन्यांनी त्याच बॅचला पुन्हा विचारा. दुसऱ्या कॉलेजशी तुलना करण्यापेक्षा स्वतःच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी केलेली तुलना जास्त शिकवते. नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज १९४७ पासूनचं, मिहानातलं एम्स २०१८ चं. दोघांच्या बॅचचा आकार निराळा, पेशंटची गर्दी निराळी, होस्टेलं निराळी. त्यांच्या बेरजा शेजारी ठेवून काय मिळणार?

बेरीज सोडा आणि वाक्यावाक्याकडे जा. फॉर्म बनवणाऱ्यांचीच सूचना आहे की ज्या वाक्याची सरासरी २ किंवा त्याहून खाली आहे तिथे दुखणं आहे, ती शोधा. मी तर त्याच्याही पुढे जाईन. सरासरीसुद्धा बघू नका, किती जणांनी ० दिला आणि किती जणांनी ४, ते मोजा. 'माझं राहण्याचं ठिकाण चांगलं आहे' हे वाक्य घ्या. धरमपेठेत, प्रतापनगरात आईच्या हातचं जेवून स्कूटीवर येणारी अर्ध्याहून थोडी जास्त बॅच ४ देते. होस्टेलच्या वरच्या मजल्यावर, एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकला असताना, कूलरचा पंप बंद पडलेल्या खोलीत तीन जण झोपतात ते ० देतात. सरासरी येते २ च्या वर, ठीकठाक. पण ठीकठाक असं तिथे कुणाचंच नाही. होस्टेलवाले आणि घरून येणारे वेगळे काढले की चित्र एका मिनिटात फाटतं.

आता मला ज्यावर थोडं जास्त लिहायचं आहे ते. 'टर उडवतात' हे वाक्य.

मी मेडिसिनचा. अठ्ठावीस वर्षं बेडसाइड टीचिंग केलं. एका सकाळी वॉर्डात सिकलसेलचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. आपल्या विदर्भात हे पेशंट नेहमीचेच, आणि आपल्याकडच्या बऱ्याच मुलांत प्लीहा मोठी राहते, हाताला लागते. म्हणजे शिकवायला सोन्यासारखी केस. एका खाटेभोवती पंचवीस पोरं, मागच्या दोन रांगांना पेशंटचं तोंडही दिसत नाही. मी एका मुलीला पुढे बोलावलं. म्हटलं, स्प्लीन पाल्पेट कर, म्हणजे प्लीहा हातानं चाचपून बघ. तिनं हात सरळ डाव्या बरगडीखाली ठेवला. सुरुवात उजव्या बाजूनं, खालून करायची असते आणि श्वासागणिक डाव्या बरगडीकडे सरकायचं असतं. वरूनच हात ठेवला तर मोठ्या प्लीहेची कड हाताखाली येतच नाही, तुम्ही प्लीहेवरच हात ठेवून 'लागत नाही' म्हणता. हे तिला सांगायला मला पंधरा सेकंद पुरले असते. मी काय म्हणालो? "बाई, तिथं स्प्लीन नाही, मोबाइल ठेवतात का ते शोधतेस?" पंचवीसच्या पंचवीस हसले. खाटेवरचा मुलगाही हसला.

तीसुद्धा हसली, आणि तीच खरी गोम आहे. मला वाटलं, किती खेळीमेळीचं वातावरण आहे. पुढचा दीड महिना ती मागच्या रांगेत उभी राहिली. पोस्टिंगच्या शेवटच्या परीक्षेत तिच्या वाट्याला पोटाचीच केस आली आणि तिचा हात पोटाच्या वर, हवेत, दोन बोटं अंतरावर थांबला. तो थरथरणारा हात मला अजून दिसतो. त्या वर्षी ड्रीम भरून घेतलं असतं तर तिनं त्या वाक्याला काय दिलं असतं माहीत नाही, पण तिच्या शेजारच्यांनी नक्कीच 'असहमत' म्हटलं असतं. सर टर कुठं उडवतात, सर तर जोक मारतात! आपल्या पोरांना शाळेपासून अपमान पचवायची सवय असते, तो त्यांना अपमान वाटतही नाही. मूळ फॉर्ममध्ये 'शिक्षक ऑथॉरिटेरियन आहेत', म्हणजे हुकूमशाही गाजवतात, असंही एक वाक्य आहे. त्याचा अर्थ विचारला तर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सरांना ऑथॉरिटी आहे, बरोबर ना?" आणि मोठ्या आदरानं त्यानं 'पूर्ण सहमत'वर खूण केली होती.

म्हणून इंग्रजी फॉर्म जसाच्या तसा देऊ नका. प्रत्येक वाक्यासोबत एक ओळ मराठीत आणि एक हिंदीत द्या, आणि तो तर्जुमा बॅचबाहेरच्या दोन-चार पोरांना वाचायला देऊन, काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. हे काम भाषेच्या पंडिताकडून करून घेऊ नका, फॉर्म वाचता येणार नाही असा होतो.

भाषेवरून आठवलं. वातावरण म्हणजे शिक्षक, मेस आणि अटेंडन्स एवढंच आपण धरतो. पण वॉर्डात उभं राहिलेल्या पोराला सगळ्यात मोठी भिंत पेशंटच्या बोलीची असते, आणि पन्नास वाक्यांत तिचा पत्ताच नाही. डंडीच्या मंडळींना तो प्रश्न सुचला नसावा. सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या. राजस्थानचा, केरळचा मुलगा मेडिकल चौकात उतरतो आणि वर्षभरानं त्याच्यासमोर वऱ्हाडातली आजी सांगते, "बाबू, पोटात गोया उठते." नाशिकची वर्गमैत्रीण तर्जुमा करायला शेजारी असते, तिलाही झेपत नाही. ती म्हणते, गोळ्या म्हणतेय वाटतं. आणि केस शीटवर चक्क लिहिलं जातं की पेशंट गोळ्या घेत होती. आजीच्या पोटात गोळा उठत होता! हा मुलगा पुढे 'मी या व्यवसायासाठी नीट तयार होतोय' या वाक्याला १ देतो, आणि आपण समजतो की अभ्यासात कच्चा आहे. छिंदवाडा-बालाघाटकडून हिंदी बोलणारे पेशंट येतात तेव्हा याच मुलाचा चेहरा उजळतो. गडचिरोलीकडचे फक्त माडिया बोलणारे नातेवाईक आले की मात्र सगळ्यांचीच सारखी फजिती, माझ्यासकट.

उलट बाजूनं, आर्वी-आष्टीकडचं मराठी शाळेतलं पोर पेशंटशी झकास बोलतं आणि अॅनाटॉमीच्या लेक्चरला मुकं होतं. पहिल्या वर्षीच्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर माहीत असून इंग्रजी वाक्य जुळवता-जुळवता वेळ संपतो. तुम्ही फिजिओलॉजीच्या, हे तुम्ही रोज बघत असाल. व्हायव्हात पहिली दोन मिनिटं 'मराठीत सांग' म्हणून बघा.

तुमच्या फॉर्ममध्ये 'शिक्षक' म्हणजे कोण, हेही पोरांना सांगितलं होतं का? वॉर्डात सेकंड इयरला खरं शिकवतो तो जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट. छत्तीस तास झोपलेला नसतो, एका हातात सलाइन आणि दुसऱ्या हातात तुमच्या पोराचं लॉगबुक, म्हणजे काय-काय शिकलं त्यावर सह्या घ्यायची वही. पोरं 'शिक्षक चिडतात'ला 'पूर्ण सहमत' म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर बऱ्याचदा तोच असतो, आणि प्रोफेसर मंडळी मीटिंगमध्ये एकमेकांकडे बघतात की आपण कुठं चिडतो बुवा. रेसिडेंटचं वातावरण मोजायला वेगळा फॉर्म आहे, 'फीम' नावाचा, ४० वाक्यांचा आणि १६० गुणांचा. जमलं तर तोही त्याच महिन्यात भरून घ्या. दोन्ही शेजारी ठेवले की पोराच्या अंगावर पडलेली ओरड वरून कुठून वाहत आली ते दिसतं.

अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात. २०१९ च्या बॅचपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्यासोबत फाउंडेशन कोर्स, पहिल्या वर्षापासून पेशंटची ओळख, एटकॉम (वृत्ती, नीती आणि संवादाचे धडे), स्वयंअध्ययनाचे तास आणि लॉगबुक. हेतू चांगलाच. पण व्हरांड्यात ऐकाल तर लॉगबुक म्हणजे सह्या. कोण आज खुशीत आहे, कुणाकडे एका बैठकीत चाळीस सह्या मिळतात, याची पोरांत यादी फिरते. मी स्वतः न बघता सह्या ठोकल्या आहेत, रांग संपत नाही तेव्हा दुसरं काय करणार. या सगळ्यात एक गोष्ट पोरांना मनापासून आवडते, ती म्हणजे गावातली कुटुंबं दत्तक घेण्याचा कार्यक्रम. हिंगणा, कुही, कळमेश्वरकडच्या गावांत जाऊन आलेली पोरं मोकळी बोलतात. तिथं कुणी व्हायव्हा घेत नाही, चहा मिळतो, आणि म्हातारी 'डॉक्टरबाबू' म्हणते. बसमध्ये परतताना त्यांच्याशी गप्पा मारा, पन्नास वाक्यांतून निघत नाही ते निघतं.

आता अवघड वाक्य. 'ताण आलेल्या विद्यार्थ्यांसाठी चांगली आधारव्यवस्था आहे.' आपल्या देशातल्या बऱ्याच कॉलेजांत हे वाक्य तळाशी येतं, तुमच्याकडेही आलं असणार. यावर डिपार्टमेंटचं ठरलेलं उत्तर असतं की आमच्याकडे सायकियाट्रीची ओपीडी रोज चालू असते. असते ना. पण त्या ओपीडीत समोरच्या बाकावर पोस्टिंगला कोण बसलेलं असतं? त्याचेच वर्गमित्र. केस पेपरवर नाव टाकून स्वतःच्या बॅचसमोर हिस्ट्री कोण देईल? आम्ही एवढंच केलं की संध्याकाळी पाचनंतर, ओपीडीच्या इमारतीत नाही तर जुन्या म्युझियमच्या मागच्या खोलीत, एक मॅडम बसायच्या. रजिस्टर नाही, अटेंडन्स नाही. पहिला महिना कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या महिन्यात एक जण 'मित्रासाठी विचारतोय' म्हणून आला, आणि मग मित्र बरेच निघाले.

आणि एक धोका आधीच सांगून ठेवतो. फॉर्मच्या मागे तुम्ही कोरं पान ठेवलंत, आणि ठेवाच, तर कधीतरी त्यावर कुणीतरी जीव नकोसा झाल्याचं लिहील. फॉर्म निनावी, तुम्हाला शोधता येणार नाही, आणि शोधायला निघालात तर पुढच्या वर्षी कुणी खरं लिहिणार नाही. म्हणून त्या पानाच्या तळाशी आधीच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. आणि भेटता येईल अशा एका माणसाचं नाव आणि वेळ. असा कागद सापडला तर त्याच दिवशी अख्ख्या बॅचला, कुणाकडेही न बघता, तो नंबर आणि ती वेळ पुन्हा सांगा. रॅगिंगचा वास आला तर मात्र थांबू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, अँटी-रॅगिंग कमिटीला लेखी कळवा, पुरावा नंतर बघता येतो.

कोऱ्या पानावर प्रश्न एकच असू द्या, 'उद्या सकाळी एक गोष्ट बदलता आली तर कोणती?' मोठमोठ्या सुधारणांची अपेक्षा करू नका. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा काय आलं सांगू? मेस रात्री नऊला बंद होते आणि संध्याकाळची क्लिनिकल पोस्टिंग कधीकधी नऊलाच सुटते. पोरं उपाशी नाहीतर रोज बाहेरचं. सकाळी तर्री-पोहे, रात्री पुन्हा तर्रीच, आणि मग गॅस्ट्रायटिसवर आपण त्यांनाच लेक्चर देतो. वॉर्डनशी बोलून वीस डबे झाकून ठेवायची सोय झाली, खर्च जवळपास शून्य. त्याच्या पुढच्या वेळी 'शिक्षक आमचं ऐकून घेतात' अशा अर्थाच्या वाक्यांचे गुण वर सरकले. शिकवण्यात आम्ही काडीचाही बदल केला नव्हता.

म्हणून निकाल लागल्यावर पंधरा दिवसांच्या आत पोरांसमोर जा. तीन गोष्टी सांगा. हे करतोय, हे जूनपर्यंत करू, हे आमच्या हातात नाही. तिसरी सांगायला लाजू नका, अटेंडन्सची थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्क्यांची अट कॉलेज बदलू शकत नाही हे त्यांनाही कळतं. काहीच न सांगता पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म वाटलेत तर सरळ रेघा मिळतील. एका मुलानं मला ऐकवलंच होतं, "काहून भरायचा जी तो फॉर्म, मागच्या सालचाच कूलर अजून बंद आहे."

हे सगळं छापायचा विचार असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यायची असते, फॉर्म भरून झाल्यावर नाही. या खेपेला ते राहिलं असेल तर हा डेटा घरच्या वापरापुरता ठेवा.

डीन सरांना बेरीज हवी आहे ना, द्या. नाही म्हणून भांडण ओढवून घेऊ नका, तुमची नोकरी नवी आहे. फक्त फाइलमध्ये पहिलं पान वाक्यवार लावा, तळाची दहा वाक्यं ठळक करून, होस्टेल आणि घर असे दोन रकाने पाडून. १३२ चं गणित त्याच्या खाली पेन्सिलीनं मांडा. बेरीज दुसऱ्या पानावर.